मधला दुवा

एकदा एक भांड्यांचा व्यापारी एका वृद्ध वैद्यांकडे आला. प्रकृती ठीक होती. मन मात्र दुखावले होते.

"वैद्यबुवा, उद्या दुकानाची वाटणी करतो. काल दोघे मुलगे म्हणाले, 'बाबा, आता तुम्ही दुकानात नाही आलात तरी चालेल.' ज्या गादीवर हयात घालवली, तिच्यावरून मला उठवले! मधोमध भिंतच घालतो. मग पाहू, कसे चालते ते."

"पूर्वी ते एकमेकांशी बोलत नसत ना?"

"बोलायचे कसले! समोरासमोर बसून एक म्हणे, 'बाबा, त्याला सांगा.' दुसरा म्हणे, 'बाबा, त्यालाच विचारा.' मी मधला निरोप्या!"

"आणि आता?"

"आता एका डब्यात जेवतात. खरेदी-विक्री परस्पर ठरवतात. मला विचारतो कोण?"

वैद्यांनी जवळ बसलेल्या शिष्याकडून आतून शाल-श्रीफळ आणवले व उठून व्यापाऱ्याचा सत्कार केला.

"थट्टा करता काय?" व्यापारी उसळला.

शिष्यही अस्वस्थ झाला. "गुरुजी, शेठ दुःख सांगत आहेत, आणि आपण सत्कार करता?"

वैद्य शांतपणे म्हणाले, "अरे, रक्तातील साखर आवरणारे इन्शुलिन पेशीत प्रथम एका लांब साखळीच्या रूपाने तयार होते. त्या रूपात त्याच्याकडून फारसे काम होत नाही. साखळीची दोन टोके पुढे उपयोगी पडायची असतात. त्यांच्यामध्ये एक दुवा असतो. त्या दुव्यामुळे साखळी नीट दुमडते, टोके समोरासमोर येतात आणि त्यांच्यात पक्के बंध जुळतात. मग पेशीतील विकरे, म्हणजे एन्झाइम्स, तो दुवा कापून वेगळा करतात. तेव्हा कोठे इन्शुलिन कार्यक्षम होते. दुवा आधीच कापला, तर टोकांची नीट गाठ पडणे कठीण. कापलाच नाही, तर सारे श्रम अपुरे."

"म्हणजे काम झाले की टाकाऊच ना?" व्यापाऱ्याने कडवटपणे विचारले.

"नाही, शेठ. पेशी त्याला इन्शुलिनबरोबरच रक्तात सोडते. शरीर स्वतःचे इन्शुलिन बनवते की नाही, हे पाहायचे असेल तेव्हा आम्ही रक्तात त्या दुव्याचाच शोध घेतो. साक्ष त्याची असते."

व्यापाऱ्याने अंगावरची शाल नीट केली. मग तो खालच्या आवाजात म्हणाला, "म्हणजे गादी सुटली. मुले नाही सुटली."

"आणि भिंत?" शिष्याने हळूच विचारले.

"गवंड्याला नको म्हणून कळवतो," व्यापारी म्हणाला, आणि वैद्यांना नमस्कार करून घराकडे निघाला.

जोडणाऱ्याने वेळेवर बाजूला होणे, हा जोडण्याच्याच कामाचा अखेरचा भाग आहे.