सटवा कुंभाराचा न विझलेला दिवा

एकदा मी देवीला बोलले होते, आई, धाकटीचा ताप उतरू दे. येत्या नवरात्रात अखंड दिवा लावीन, आणि दिव्यापाशी जो कुणी राखणीला बसेल त्याला रोज एक हसण्याची गोष्ट सांगीन. देवीने ऐकलं. आता दिव्यापाशी बसायचं म्हणजे काय? तेल बघायचं, काजळी झाडायची, वारा आला की पदर आडवा धरायचा. बसल्या बसल्या माणसाला पेंग येते. हसला की पेंग पळते. त्या नवसाची ही गोष्ट. ऐका, पण तेलाकडेही लक्ष असू द्या.

डोंगराच्या पायथ्याला एक गाव होतं, आणि त्या गावात एक भोळा कुंभार राहत होता. सटवा त्याचं नाव. हाताला कसब, जिभेला गोडवा, मनात पाप नाही. सांगितलेलं काम सांगितल्यासारखंच करायचा. तेवढीच एक खोड होती.

त्याची बायको गजरा. घर तिच्या डोक्याने चालायचं. पण गावात स्टीलच्या कळशा आल्या आणि घागरीला कुणी विचारीना. चाक सोडून परमुलखात वीटभट्टीवर जावं लागणार, ही धास्ती गजराला लागली होती.

गावाच्या डोंगरावर जाखाईचं देऊळ. वर वारा असा, की माणसाच्या डोक्यावर पागोटं राहत नाही. मग दिव्याची काय कथा! दर नवरात्रात दिवा विझायचा. केरबा गुरव तो पुन्हा पेटवायचा आणि देवीपुढे नाक घासायचा. शेवटी पंचांनी दवंडी पिटली, की जो कुंभार वाऱ्यावरचा चांगला दिवा घडवील, त्याच्या घरी देवळाचं मातीकाम. घट त्याचे, पणत्या त्याच्या, पिढ्यान्‌पिढ्या.

गजराच्या डोळ्यांसमोर दिवा उभा राहिला. वरून घुमटासारखं झाकण, झाकणाला तिरपी भोकं. उजेड बाहेर येईल, वारा आत शिरणार नाही. पण ती लगेच मातीला गेली नाही. आधी पंचांकडे गेली.

"चांगला म्हणजे कसा, ते आधी सांगा," ती म्हणाली.

पंचांचे म्होरके होते चौगुले. ते म्हणाले, "चांगला म्हणजे चांगला. बघितल्यावर कळतं."

"तुम्हाला कळेल हो. मला घडवायच्या आधी कळायला हवं."

मग पंच विचार करू लागले, आणि तिथेच घोटाळा झाला. एक म्हणाला, वर मोर हवा. दुसरा म्हणाला, उदबत्ती खोचायला भोक हवं. तिसरा म्हणाला, नारळ ठेवायला जागा झाली तर बरं. चौगुले म्हणाले, कडेने आमच्या आजोबांचं नाव येऊ द्या.

"हा दिवा आहे की फडताळ?" गजरा म्हणाली. "एकच काय ते सांगा. कशावरून म्हणायचं, की दिवा जमला?"

पंचांनी एकमेकांकडे पाहिलं. चौगुले म्हणाले, "घट बसल्यापासून उठेपर्यंत विझता कामा नये. झालं?"

"झालं. ह्यात पुढे काही वाढवायचं नाही, काही घटवायचं नाही."

पंचांनी मान डोलावली. दाराशी उभ्या असलेल्या सटवानेही डोलावली.

गजराने सांगितलं तसा सटवाने पहिला दिवा घडवला, आव्याच्या भट्टीत भाजला. गजरा म्हणाली, "आता पेटवून बघा, विझतो का." सटवाने तो माजघराच्या कोनाड्यात ठेवला, दार लावलं, खिडकी लावली, खिडकीच्या फटीत चिंध्या कोंबल्या. सकाळी हसत बाहेर आला. "विझला नाही!"

गजराने कपाळावर हात मारला. "अवं, घरात कसा विझेल? कुठलीही वस्तू वाऱ्यावर ठेवून बघावी. वाऱ्याला टिकली तर खरी."

"अस्सं! आता ध्यानात ठेवतो."

दुसऱ्या दिवशी रांजणाला गिऱ्हाईक आलं. "रांजण चांगला आहे ना?" त्याने विचारलं. सटवा म्हणाला, "थांबा, दाखवतो." त्याने रांजण उचलला, घराच्या धाब्यावर चढवला आणि अगदी कडेवर वाऱ्याला ठेवला. वारा आला. रांजण खाली आला. गिऱ्हाईक गेलं.

"अवं, रांजण का कुणी वाऱ्यावर बघतं?" गजरा म्हणाली. "पाण्याने काठोकाठ भरावा. थेंब गळला नाही, म्हणजे चांगला."

"अस्सं! आता ध्यानात ठेवतो."

मग दुसरा दिवा भाजून निघाला. हा पहिल्याहून नेटका. गजरा तेल आणायला वाण्याकडे गेली. येते तो काय, सटवा दिव्यासमोर उकिडवा बसलेला. दिव्यात काठोकाठ पाणी, पाण्यात वात तरंगतेय.

"एक थेंब गळला नाही बघ!" सटवा म्हणाला. "ह्याच्यासारखा दिवा पंचक्रोशीत नाही."

गजरा पायरीवर टेकली. मग सावकाश म्हणाली, "हे बघा. आपल्या मनाने ठरवू नये. ज्याने वापरायची त्याला विचारावं, बाबा, तुला पटली का वस्तू? तो हो म्हणाला, की चांगली."

"अस्सं! हे सोपं आहे."

त्याच आठवड्यात रखमाक्काने म्हशीला पाणी पाजायचं कुंडं मागवलं होतं. सटवा डोक्यावर घेऊन गेला, गोठ्यात ठेवलं. रखमाक्का म्हणाली, "छान झालंय रे. जा आता." पण सटवा गेला नाही. म्हशीसमोर उभा राहिला. "म्हसाबाई, पटलं का?" म्हैस रवंथ करत होती. सटवा थांबला. ऊन चढलं, उतरलं. सटवा तिथेच.

रखमाक्काने शेवटी शेणाचा हात पुसला आणि म्हणाली, "अरे मेल्या, ती माझ्याशी कधी बोलली नाही, तुझ्याशी काय बोलेल? आणि तुझ्याएवढी शहाणी असती तर बोलली असती!"

सटवा खाली मान घालून घरी आला. गजराने सगळं ऐकलं आणि तोंडाला पदर लावला. रडत होती की हसत होती, कोण जाणे. म्हणाली, "अवं, मुकं जनावर ते. त्याच्यापुढे भांडं ठेवावं आणि नुसतं बघावं. भांडं रिकामं झालं, म्हणजे काम झालं."

"रिकामं झालं, म्हणजे काम झालं. ध्यानात ठेवतो."

घट बसायला थोडेच दिवस उरले. तिसरा दिवा निघाला आणि तो मात्र गजराच्या मनातल्यासारखा निघाला. टिचकी मारली तर घंटेसारखा खणखणायचा. तिने स्वतः तेल घातलं, वात लावली, अंगणात वाऱ्यात ठेवला. ज्योत हलली नाही. दुपारभर हलली नाही. गजराने जाखाईच्या डोंगराकडे तोंड करून हात जोडले.

तेवढ्यात केरबा गुरव धुतलेलं धोतर नेसून दिवा बघायला आला. जोत्यावर टेकला, दिवा मांडीवर घेतला, म्हणाला, "सटवा, ह्याचं काम झालं म्हणायचं का?"

सटवाने आत डोकावून पाहिलं. दिवा तेलाने भरलेला. "अजून नाही, केरबामामा," तो म्हणाला. "हे बघा, आता होतं." आणि त्याने दिवा केरबाच्या मांडीवरच पालथा केला. "रिकामा झाला! झालं काम!"

नशीब, वात तेलात बुडून विझली, नाहीतर केरबाचं काम झालं असतं. पण धोतर गेलं. केरबा बोलत बोलत डोंगर चढून गेला. काय बोलला ते दिव्यापाशी सांगण्यासारखं नाही.

आता अडचण वेगळीच होती. दिव्यापाशी राखणीला घडवणाऱ्याच्या घरचंच माणूस हवं, असा पंचांचा नियम. आणि गजराच्या घरी घट बसायचा. घट बसला की घर एकटं सोडायचं नाही, तिच्या सासूबाईंपासूनचा रिवाज. म्हणजे डोंगरावर सटवाच जाणार. जन्माची भाकरी ह्या दिव्यावर, आणि दिवा ह्या माणसाच्या हातात.

गजराने त्याला समोर बसवलं. "अवं, ऐका. आजवर मी सांगितलेलं सगळं विसरा."

"विसरलो."

"वारा नाही, पाणी नाही, म्हैस नाही. पंचांसमोर जे ठरलं तेवढंच करायचं. जे ठरलं नाही ते करायचं नाही. काय ठरलंय?"

"घट उठेपर्यंत दिवा विझता कामा नये."

"शाबास!" गजराने तेलाने भरलेला, पांढरीशुभ्र वात घातलेला दिवा त्याच्या हातात दिला. सटवा तो पोटाशी धरून, एकेक पायरी बघत डोंगर चढला. तेलाचा थेंब सांडला नाही.

वर मंडपात तीन गावच्या तीन कुंभारांचे तीन दिवे मांडले. मंडपात विजेच्या माळा अशा लखलखत होत्या, की दिव्यांकडे कुणाची नजर जाईना. केरबा गुरव धोतर सांभाळत सटवापासून लांबच राहायचा. आणि पंच? पंचांना वारा सोसवेना. ते खालच्या ओवरीत घोंगडी पांघरून बसायचे आणि रोज तिथूनच हाक मारायचे, "सटवा, तुझा विझला का रे?"

"न्हाई जी!"

"वा!" म्हणायचे, आणि चहा घ्यायचे.

तिसऱ्या माळेला एकाचा दिवा विझला. सहाव्या माळेला दुसऱ्याचा विझला, आणि तो सामान बांधून गेला. सटवा हात जोडून बसून. देवळातून उतरणाऱ्या बायकांना गजरा दारातून विचारायची, "आमचा दिवा कसा आहे गं?" बायका म्हणायच्या, "विझला नाही म्हणतात हो! देवीने ओटीत घेतलंय तुला." गजरा घटावर नवी माळ चढवायची.

घट उठले. गजरा धावतच डोंगर चढली. पंच नारळ घेऊन वर आले होते, वाजंत्री आले होते, केरबासुद्धा धोतराचा राग विसरून आला होता. चौगुले म्हणाले, "तिन्हींत एकच दिवा विझला नाही. देवीचं मातीकाम सटवाच्या घरी! उघड रे झाकण, दर्शन घेऊ दे."

सटवाने झाकण उचललं.

आत तेल काठोकाठ. वात मोगऱ्याच्या कळीसारखी पांढरी.

वाजंत्री थांबले. चौगुले वाकून वाकून बघू लागले. "अरे, हा तर पेटलाच नाही!"

"न्हाई जी," सटवा म्हणाला. "विझता कामा नये एवढंच ठरलं होतं. पेटवायचं कुणी बोललंच नाही. आणि पेटवला असता तर विझण्याचं भय होतं ना!"

केरबा म्हणाला, "ह्याच्यावर विसंबू नका, हे माझं धोतर केव्हाचं सांगत होतं!" पंच पागोटी सावरू लागले. दोष कुणाला देणार? पंचांचाच नियम, पंचांचीच रोजची हाक, आणि पंचांचंच "वा".

पण गजरा बाई मोठी धीराची. ती रडली नाही, नवऱ्याला बोलली नाही. तिने दिवा उचलला, गाभाऱ्यात नेऊन देवीच्या समईवर पेटवला, झाकण घातलं, आणि मंडपातही नाही, उघड्या दीपमाळेच्या टोकावर, भर वाऱ्यात नेऊन ठेवला. वारा चौगुल्यांचं पागोटं घेऊन गेला. ज्योत मात्र जागची हलली नाही. सगळे बघत राहिले. ऊन उतरलं, दिवेलागण झाली, डोंगराखालच्या गावातूनही ती ज्योत दिसू लागली.

चौगुल्यांनी उघड्या डोक्याने नारळ गजराच्या ओटीत घातला. "पोरी, काम तुझं. आमची कसोटी चुकली, तुझा दिवा चुकला नाही."

गजराचे डोळे भरून आले. लोकांनी जाखाईच्या नावाने चांगभलं केलं. सगळ्यांचे हात जोडलेले, सगळ्यांचे डोळे मिटलेले.

आणि सटवा दीपमाळेवर चढला, झाकण काढलं आणि फुंकर मारली. फू!

दीपमाळेवर अंधार झाला.

"अरे सटवा! काय केलंस हे?" चौगुले ओरडले.

"घट उठले की जी," सटवा म्हणाला. "विझता कामा नये ते उठेपर्यंत. पुढचं कुठं ठरलं होतं?"

गजरा दीपमाळेवर चढली आणि तिने तो दिवा पुन्हा लावला. बायांनो, बाप्यांनो, तुम्हीही आज सांजवेळी आपापल्या घरी असाच एक दिवा लावा. आधी पेटवा, मग जपा. आणि राखणीला कुणी भोळा बसणार असेल, तर त्याला कुठवर बसायचं आणि मग काय करायचं, तेही एकदा नीट सांगून ठेवा.