गुरुवारचा वारा

एकदा एक संशोधक विद्यार्थी आपल्या प्रबंधाची प्रत घेऊन वृद्ध आचार्यांपुढे उभा राहिला. महिनाअखेरीला सहा दिवस उरले होते. तोवर प्रबंध दाखल झाला, तर अभियांत्रिकी विद्यापीठातली अध्यापकाची जागा त्याची. नाहीतर ती दुसऱ्या उमेदवाराकडे जाणार होती. उरली होती ती फक्त आचार्यांची स्वाक्षरी.

विषय उपयोगाचा होता. गावाबाहेरच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये अठरा बायका जमिनीवर बसून उडदाचे पापड लाटत. उन्हाळ्यात आत इतके तापे की मागच्या वर्षी एकीला लाटता लाटता भोवळ आली होती. विद्यार्थ्याने छपरावर काळा रंग दिलेले पत्र्याचे उंच धुरांडे बसवले. उन्हाने ते तापले की शेडमधली गरम हवा वर ओढली जाई आणि भिंतीच्या तळाशी ठेवलेल्या चार झरोक्यांतून बाहेरची हवा आत येई. वीज लागत नव्हती. तापमान नोंदवणारे यंत्र मधल्या खांबाला टांगलेले होते, आणि निष्कर्ष सुरेख होता: उष्णता पाच अंशांनी उतरली.

आचार्यांनी प्रबंध शेवटून वाचायला घेतला. तशी त्यांची सवयच होती.

"नव्वद दिवस मोजलंस ना? इथे तर तेराच दिवस दिसतात."

"बाकीच्या नोंदी सदोष होत्या, सर. त्या दिवसांत अर्ध्या अंशाचाही फरक नाही. यंत्र बिघडत असणार, म्हणून वगळल्या. परिशिष्टात तसं लिहिलंय."

आचार्यांनी भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर बोट फिरवले. "हे तेराही दिवस गुरुवारचे. तुझ्या धुरांड्याला गुरुवारचं व्रत आहे का रे?"

विद्यार्थी ओशाळून हसला. "गुरुवारी मी जातो तिथे. यंत्र तपासतो, म्हणून तेव्हा नीट चालत असेल."

"उद्या जाऊ. येतो म्हणून कळव त्यांना, नेहमीसारखं. आणि यंत्रं घेऊ नकोस."

दुसऱ्या दिवशी आचार्यांनी शेडमध्ये पाऊल टाकले, पण धुरांड्याकडे मान वर करूनही पाहिले नाही. एक पोळपाट आणि लाटणे मागून घेतले, ते झरोक्याजवळ शिष्यापुढे ठेवले आणि म्हणाले, "पन्नास पापड लाट." मग खांबाला टेकून स्वस्थ बसले.

पाच दिवस हाताशी असताना हे काय चालले आहे, ते शिष्याला उमगेना. पण गुरूंची आज्ञा. त्याने बाह्या सरसावल्या.

"साहेब, हा पापड हाय का तालुक्याचा नकाशा?" शेजारची बाई म्हणाली, आणि सगळी शेड हसली.

दहा-बारा पापडांनंतर हात वळला. आकार गोल येऊ लागला, पण कडा मात्र चिरत होत्या. पुढ्यात ठेवलेल्या लाट्यांवर कोरडी साय धरत होती. ओले फडके झाकले, तरी तेच. त्याने आजूबाजूला पाहिले. बायकांच्या पोळपाटांवरही तोच प्रकार होता, आणि कोणी काही बोलत नव्हते. गुडघ्यापाशी झरोक्यातून गार झुळूक येत होती.

ठकूबाई तिथल्या सर्वांत वडीलधाऱ्या. आचार्य त्यांना म्हणाले, "बाई, रोज जसं करता तसं करा. मी रागावणार नाही. हाही रागावणार नाही."

ठकूबाई घुटमळल्या. मग उठून डब्यांच्या मागून घडी केलेले गोणपाट काढले आणि झरोक्यात कोंबले. दुसऱ्या तिघी उठल्या, उरलेले तीन झरोके बंद झाले. घटकाभरात शेड भट्टीसारखी तापली, आणि पापड कडेपर्यंत मऊसूत उतरू लागले.

"हे... रोज?" शिष्याने विचारले.

"गुरुवार सोडून. वारा लागला की लाटी सुकती, पापड चिरतो. चिरलेला माल कोण घेतंय? पण तुम्ही येवढ्या उन्हात खपून बसवलंत. म्हणलं, लेकराचं मन कशाला मोडायचं?"

"मग मला सांगायचं ना, मावशी!"

"तुम्ही आलात की त्या खांबाशी बोलता, लेकरा. आमच्याशी कुठं?"

शिष्याने मान खाली घातली. तेव्हा आचार्य शांतपणे म्हणाले, "तुझं यंत्र सत्त्याहत्तर दिवस खरं सांगत होतं. तुझ्या गणितात बसेना, म्हणून तू त्याला बिघडलेलं ठरवलंस. पण दोष एकट्या तुझा नाही. हवा कुठून येते आणि कुठे जाते, हे मी वर्गात तीस वर्षं शिकवलं. वाटेत ती कोणाच्या पोळपाटावरून जाते, ते कधी शिकवलं नाही. तुला इथे आणलं, तेव्हा मलाही यावं लागलं." त्यांनी खिशातले पेन काढले. "तेरा गुरुवार खोटे नाहीत. मागशील तर आज सही करतो."

शिष्याने पेनाकडे पाहिले. मग पुढ्यातल्या चिरलेल्या पापडाकडे.

"मावशी," तो म्हणाला, "वारा कुठून आलेला चालेल तुम्हाला?"

ठकूबाईंनी बसल्या जागेवरून हात वर केला. "हितनं वरून. डोक्याला लागू दे, लाटीला नको."

मोजपट्टी आणलेली नव्हती. शिष्याने त्यांच्या हाताच्या उंचीवर भिंतीला पिठाच्या बोटाने रेघ ओढली. आचार्यांनी पेन खिशात ठेवले.

अध्यापकाची जागा दुसऱ्याला मिळाली. प्रबंध वर्षभर लांबला. त्यात सत्त्याहत्तर दिवसांच्या नोंदी परिशिष्टातून निघून तिसऱ्या प्रकरणात आल्या, आणि झरोके पिठाच्या रेघेवर गेले. पुढच्या वैशाखात एका मंगळवारी तो न कळवता शेडवर पोहोचला. यंत्र साडेतीन अंशांची उतरण दाखवत होते. पाच नव्हे, साडेतीनच. पण ते त्याने नंतर पाहिले.

आधी त्याला दिसले ते गोणपाट. ते दाराशी पाय पुसायला टाकलेले होते. त्यावर पाय पुसून तो आत गेला.