पाठमोरी माती

तुम्ही आता ज्या खोबणीत पाठ टेकवून फोटो काढलेत, ती खोबण फोटोसाठी केलेली नाही. काढलेत ते काढलेत, आता उठा आणि इकडे वर बांधावर या. हे करंजतळ्याचं तळं. बांध या टोकापासून त्या टोकापर्यंत सुतात सरळ आहे. फक्त त्या एका जागी, पाण्याच्या बाजूने, तो आत दबलेला आहे, माणसाची पाठ मावेल एवढा. त्या जागेला आम्ही भागूची पाठ म्हणतो. आणि तुमच्यातल्या या ताई काय विचारणार ते मला ठाऊक आहे, म्हणून आधीच सांगतो. नाही, इथे कुणाला जिवंत पुरलेलं नाही. जो येतो तो हेच विचारतो. तळं म्हटलं की त्यात सून गाडलीच पाहिजे, हे लोकांच्या डोक्यात कुणी भरवलंय कोण जाणे. आमच्या गावाने मूर्खपणा पुष्कळ केला, पण तेवढा नाही केला.

तो नुसता लोखंडी खांब दिसतोय ना, त्यावर फलक होता. तो का गेला तेही ओघात येईल. आज ज्येष्ठातला तळ्याचा दिवस आहे, दुपारी सगळं गाव माती घेऊन इथे येणार आहे, तेव्हा त्याआधी नीट ऐकून घ्या. मध्ये मध्ये प्रश्न विचारू नका.

फार जुनी गोष्ट. किती जुनी ते सांगता येत नाही, पण तेव्हा या डोंगरात वाघ होता असं सांगतात. दर ज्येष्ठात, पावसाआधी, गाव या बांधावर माती घालायचं. वरच्या आळीने माळावरचा तांबडा मुरूम आणायचा, खालच्या आळीने मळ्यातली काळी माती. पण पहिली पाटी मानाची. मानाची पाटी पडल्याशिवाय दुसऱ्या कुणी मातीला हात लावायचा नाही, असा दंडक होता. तो मान ज्या घराण्याचा, ते घराणं एका साली निपुत्रिक संपलं. झालं. आपल्याकडे मान मोकळा पडला की काय होतं ते तुम्हाला सांगायला नको.

वरच्या आळीत येसाजी होता. त्याने म्हणे नुसत्या कोयत्याने वाघ मारला होता. खालच्या आळीत सुभानजी. त्याने पुराच्या पाण्यातून माणसं खांद्यावर बसवून काढली होती. दोघेही खरे शूर, त्यात शंका नाही. कुणालाही कधी पाठ न दाखवलेले, आणि दोघांना त्याचाच अभिमान. वर आणखी दोघे व्याही. येसाजीची लेक भागू ही सुभानजीच्या घरची सून. माहेर वर, सासर खाली, मध्ये एक चढ. म्हणजे भांडण मिटवायला याहून बरी सोय ती काय असणार? पण नाही.

दोघेही वडजाईच्या देवळात गेले आणि दोघांनीही भंडारा उचलून शपथ घेतली. येसाजी म्हणाला, माझ्याआधी दुसऱ्याची माती पडली तर या तळ्याचं पाणी मला वर्ज्य. सुभानजीने शब्दाला शब्द तेच म्हटलं. गावात दुसरं पाणी नव्हतं. तेव्हा तळ्याचं पाणी वर्ज्य म्हणजे घर सोडायचं, शेत सोडायचं, चालू लागायचं. शपथ घेताना हे कुणाच्या ध्यानात आलं नसेल असं नाही. पण भंडारा हातात असला की आपली माणसं पुढचं बघत नाहीत. देवळातून बाहेर आल्यावर दोघांच्याही पाठीवर लोकांनी थापा मारल्या.

त्या ज्येष्ठात बांधावर चिमूटभर माती पडली नाही. पहिली पडेना म्हणून दुसरी नाही, दुसरी नाही म्हणून तिसरी नाही. पाऊस आला, तळं भरलं. बांध उन्हाळाभर खेकड्यांनी पोखरलेला होता. बिळं सगळ्यांना दिसत होती, एकमेकांना दाखवतही होते. बिळात माती कोंबायला कुणी वाकलं नाही, कारण आधी मान.

उत्तरा नक्षत्राचा पाऊस लागला आणि एका सकाळी बांधाला खांड पडली. खांड म्हणजे बांधाला पडलेलं भगदाड. सुरुवातीला एवढुशी, एक माणूस बसेल इतकी. हाळी गेली आणि सगळं गाव धावत आलं. वरची आळी तांबड्या पाट्या घेऊन, खालची काळ्या पाट्या घेऊन. म्हणजे काय करायचं ते सगळ्यांना कळत होतं. आले आणि डोक्यावर पाट्या घेऊन उभे राहिले. पुढे येसाजी, पुढे सुभानजी, दोघांच्या पाट्या भरलेल्या, आणि दोघेही एकमेकांच्या हाताकडे बघत होते. एकाचा हात हलला की दुसरा म्हणायचा, “थांब. शपथ हाय.”

मला सांगा, याला काय म्हणायचं? वाघ मारायला लागते ती हिंमत, आणि आपली पाटी दुसरी पडली तरी चालेल म्हणायला लागते ती कुठली? ती देवळाबाहेर कुणी शिकवत नाही आणि देवळातही शिकवत नाहीत.

भागूचं घर बांधाच्या अगदी पायथ्याशी होतं. घरात आंधळी आजेसासू आणि पाळण्यात तान्ही मुलगी. पाणी परसात शिरलेलं तिने पाहिलं. तिने मुलीला आजेसासूच्या ओटीत दिलं, म्हातारीला धरून चढावर नेऊन बसवलं, आणि ती बांधावर आली. तिथे हे सगळे उभे. तिचा नवराही होता, सुभानजीच्या मागे, पाटी घेऊन. तो काय करत होता असं बायका नेहमी विचारतात. उभा होता.

भागू सरळ खांडीत उतरली आणि तळ्याकडे तोंड करून, गावाकडे पाठ करून बसली. पाणी तिच्या छातीवर अडलं. सगळं नव्हे, पण निम्मं तरी अडलं असं सांगतात. मग ती मागे न बघता बोलली.

“आबा, मामंजी, मी पाठ करून बसलीय. कुनाची माती आदी पडंल ते मला दिसायचं न्हाई. तुमीबी पाठ करा. समद्या गावानं करा. मागनं टाका. आदी कुनाची पडली ते कुनी बघितलंच न्हाई, तर शपथ कुनाची मोडनार?”

येसाजी हलला नाही, सुभानजीही हलला नाही. पाणी वाढत होतं, बाजूची माती सुटत होती. लेक डोळ्यांदेखत खांडीत बसलेली आणि बाप विचार करतोय की पाठ फिरवली तर लोक काय म्हणतील. ही गोष्ट मी आयुष्यभर सांगत आलोय, पण या जागी आलो की दरवेळी डोकं तापतं.

शेवटी तीच म्हणाली, “वाघाला पाठ दावली न्हाई, पुराला दावली न्हाई. लई नाव झालं. आज येकमेकाला दावा. माज्या गळ्याला पानी आलंय.”

तेव्हा ते फिरले. सगळं गाव फिरलं. खांडीकडे पाठ करून माणसं उभी राहिली आणि डोक्यावरून मागे माती पडू लागली. तांबडी, काळी, एकच झड लागली. भागूच्या पाठीमागे मातीचा ढीग चढत गेला आणि खांड तिच्या पाठीवर बुजली. म्हणून बांध तिथे आत आहे. मागाहून दगडांचा थर दिला तेव्हाही गवंड्यांनी तेवढी जागा तशीच ठेवली.

आता नीट ऐका, गोष्ट इथे संपत नाही. लोक इथे टाळ्या वाजवतात.

भागूला दिसलं नव्हतं हे खरं. पण पहिली माती पडली ती तिच्या पाठीवर. मुरूम खरखरीत, बोचतो. काळी माती चिकट, थंड. कुणाची आधी पडली ते तिला कळलं असणारच. हे गावाच्या लक्षात यायला फार वेळ लागला नाही. खांड बुजल्याबरोबर लोक पाण्याच्या काठाने धावले, तिला बाहेर काढायला, असं आपण म्हणू. खरं तर तिच्या लुगड्यावर कुठला रंग खाली आहे आणि कुठला वर, ते बघायला. त्यांना बघून ती उलटी तळ्यात शिरली. मानेइतक्या पाण्यात उभी राहून तिने लुगडं अंगावरच खळबळून धुतलं, आणि पाणी नितळ झाल्यावरच पायऱ्यांनी वर आली. ओठ निळे पडले होते म्हणे. सासूने घोंगडं टाकलं, आणि टाकता टाकता कानात विचारलं, “आपलीच व्हती न्हवं?”

भागू म्हणाली, “पानी थांबलं.”

त्यानंतर तिला किती जणांनी किती वेळा विचारलं त्याला गणती नाही. माहेरी गेली की चुलत्या विचारायच्या. सासरी आली की जावा. गोडीने विचारलं, रागाने विचारलं, नवऱ्याने अबोला धरून पाहिला. तिचं एकच उत्तर, पाणी थांबलं. ती बोलली असती तर दोघांपैकी एकाला त्याच दिवशी गाव सोडावं लागलं असतं, बापाला नाहीतर सासऱ्याला. हे विचारणाऱ्यांनाही कळत होतं. तरी विचारायचे. असं का, ते मला विचारू नका. माझं वय झालं, मला अजून कळलेलं नाही.

मग येसाजी थकला. अंथरुणाला खिळला. तेव्हा त्याला वेगळीच भीती लागली होती. मान राहिला बाजूला. भागूला त्याने उशाशी बसवलं आणि म्हणाला, “पोरी, भंडारा उचलून बोललो व्हतो. त्या दिवसापासनं याच तळ्याचं पानी पितोय. माजी दुसरी पडली आसंल, तर जलमभर खोटं पानी प्यालो. येवढं सांग, मग मी जातो.”

वाघ मारलेला माणूस, रडत होता. भागूला सांगता आलं असतं. खरं सांगता आलं असतं, नाहीतर त्याला बरं वाटेल ते सांगता आलं असतं. ती उठली, याच पायऱ्यांवर आली, तांब्या भरून नेला आणि त्याच्या ओठाला लावला. म्हणाली, “आबा, दोनी माती मी या पान्यात धुतल्याती. आता येगळं न्हाई करता येत. प्या.”

तो प्याला. आणि गेला.

मग खालच्या आळीने काय करावं? बापाला मरतानाही सांगितलं नाही, म्हणजे बापाची नव्हतीच, म्हणजे आमचीच, असं म्हणत गावभर मिरवले. असली आमची माणसं. पण सुभानजी त्यांच्यात गेला नाही. त्याची वेळ आली तेव्हा घरातले सगळे भोवती जमले, आता सून सासऱ्याला तरी सांगेल म्हणून कान टवकारून. भागू पाणी घेऊन जवळ आली. सुभानजीने भिंतीकडे कूस बदलली आणि तिच्याकडे पाठ केली. म्हणाला, “सूनबाई, मी इचारनार न्हाई. तूबी सांगू नगंस. आपली आदी म्हनलीस तर माज्या व्याह्याची शपथ मोडंल.” मग तसाच, पाठमोरा, तिच्या हातून पाणी प्याला. पुरातून माणसं काढली ते त्याचं शौर्य सगळे सांगतात. मला विचाराल तर त्याने आयुष्यात एकदाच हिंमत केली, ती ही.

तेव्हापासून या गावात मानाची पाटी नाही. ज्येष्ठात सगळे बांधाकडे पाठ करून उभे राहतात, हलगी वाजते, हलगी थांबली की सगळे मागे माती टाकतात. मागे वळून कुणी बघत नाही. मग तळ्यावर जाऊन हात धुवायचे आणि त्याच ओंजळीने पाणी प्यायचं.

किती सोपं आहे. पण सोपं गावाला पचत नाही. मध्यंतरी ग्रामपंचायतीने तो फलक लावला. त्यावर काय लिहिलं? तर, सर्वप्रथम पाठ फिरवणारे थोर पुरुष अमुक. आठवड्यात दुसऱ्या आळीने त्याला डांबर फासलं. मग यांनी डांबर पुसलं, त्यांनी फलक उपटला. खांब तेवढा कुणाला उपटेना, म्हणून तो आहे. आणि गेल्या वर्षी तुमच्यासारख्याच एका पाहुण्याने मोबाइलवर चित्रीकरण केलं आणि पारावर बसून ते हळू करून दाखवलं, कुणाची माती आधी टेकते ते. दोन घरांनी एकमेकांच्या लग्नाला जाणं बंद केलंय. माझ्याकडेही आले होते, आजोबा बघा, स्पष्ट दिसतंय म्हणाले. मी भिंतीकडे तोंड केलं. लोक म्हणाले, म्हातारा रागावला. रागावलो होतोच.

आता तुम्ही विचारणार, आजोबा, तुम्ही कुठल्या आळीचे? नाही सांगणार. सांगितलं की तुम्ही गोष्ट पुन्हा पहिल्यापासून मनात तपासाल, कुठे कुणाची बाजू घेतली म्हणून. आणि या ताई मघापासून तोंड उघडून गप्प बसतायत, त्यांना विचारायचंय की पहिली कुणाची होती. ऐकलंत ना सगळं? भागूने बापाला सांगितलं नाही ते मी तुम्हाला सांगू?

चला, ऐका, हलगी निघाली. या पाट्या तुमच्यासाठी ठेवल्यात, एकीत मुरूम आहे, एकीत काळी, कुठलीही उचला. मोबाइल या रिकाम्या पाटीत घाला, पालथे. आजही करंजतळ्यात माती अशीच पडते, आणि आजही पहिली कुणाची ते फक्त त्या खोबणीला कळतं, आणि ती सांगत नाही. उभे राहा इथे, माझ्याशेजारी. फिरा. पाठ करा.