देवीमागची कोरी जागा

एका लहानशा संस्थानात देवीचे एक देऊळ होते. त्याचा सभामंडप लाकडी, आतून रंगवलेला. एकदा समईची ज्योत पडद्याला लागली आणि सारा मंडप जळाला. देवीमागची प्रभावळही गेली. पाषाणाची मूर्ती तेवढी वाचली.

मंडप होता तसाच उभारावा, अशी राजाची इच्छा होती. पण तो होता कसा? एक पुजारी म्हणाला, कमानीवर मोर होते. दुसरा म्हणाला, पोपट. रोज पाहणाऱ्यांची ही गत. राजालाही नीट सांगता येईना.

नुकतेच दोन चित्रकार देवीच्या दर्शनास येऊन गेले होते. राजाने दोघांना बोलावले. आठवणीतून मंडपाचे चित्र काढा, ज्याचे चित्र विश्वासास पात्र ठरेल त्याला मंडपाचे काम मिळेल, असे सांगितले.

पहिल्याने चित्राचा कोपरान्कोपरा भरून काढला. दुसऱ्या चित्रकाराने छत, खांब, कमानी सारे रेखाटले. देवीमागची जागा मात्र कोरी ठेवली. त्याची पत्नी हे पाहत होती.

"अहो, तिथे चार वेली काढा की. एवढ्यासाठी हातचे काम जाईल."

"वेली होत्या की नाही, ते मला ठाऊक नाही."

"मग देवीलाच विचारून या," ती रागाने म्हणाली.

त्याने कुंचला रंगात बुडवला, क्षणभर धरला आणि धुऊन ठेवला.

दरबारात दोन्ही चित्रे मांडली गेली. पहिल्याच्या चित्रात कमानीवर मोर होते आणि प्रभावळ सूर्यासारखी झळकत होती. दुसऱ्याची कोरी जागा पाहून लोक हसले. पहिला म्हणाला, "हे दर्शनाला गेले आणि दर्शनच विसरून आले."

राजाने दुसऱ्याला कारण विचारले.

"महाराज, तिथे मी हात जोडले आणि डोळे मिटले. उघडल्यावर देवीलाच पाहून निघालो, मागची प्रभावळ पाहायची राहिली."

राजा पहिल्याकडे वळला. "आणि आपण? आपण डोळे मिटले नाहीत?"

भर दरबारात भक्ती उणी ठरू नये म्हणून तो घाईने म्हणाला, "मिटले तर! देवीसमोर येण्याआधीच हात जोडून डोळे मिटले, ते थेट मंडपाबाहेर येईपर्यंत उघडले नाहीत."

"मग ही प्रभावळ पाहिली कधी?"

पहिला आपले चित्र गुंडाळू लागला. आता त्याच्या मोरांवरही कोणाचा विश्वास उरला नाही.

काम दुसऱ्याला मिळाले. त्याने चित्राप्रमाणे मंडप उभारला आणि देवीमागे साधी, बिनरंगाची फळी बसवली.

तात्पर्य: जो न पाहिलेले कोरे ठेवतो, त्याचेच पाहिलेले खरे मानावे.