गरुडरावांचं स्वागत

संगणकावर कापडी खोळ घालायची रीत होती, त्या काळची ही गोष्ट. चिमणी नावाच्या छोट्या ब्राउझरला मालकाने एक वेबपान आणायला धाडलं. रिकाम्या हाताने परतली, तर तो तिला संगणकातून काढूनच टाकणार होता.

"नाव?" पानाच्या पहारेकऱ्याने विचारलं.

"चिमणी."

"इथे फक्त गरुड ब्राउझरला प्रवेश."

"दादा, मला सगळं वाचता येतं. दाखवून तर बघा."

"आम्ही नाव बघतो, वाचन नाही."

चिमणी कोपऱ्यापर्यंत जाऊन परत आली.

"नाव?"

"गरुड."

"या, गरुडराव, या." पहारेकऱ्याने अख्खं पान तिच्यापुढे उलगडलं. "मघाशी एक चिमणी आली होती. तिला कुठलं झेपायचं हे?"

"खरंय," म्हणत चिमणीने शेवटची ओळ वाचली आणि पान मालकापुढे नेऊन ठेवलं.