बंपरमधला फेटा

सांगलीत जुन्या गाड्यांची फेरी निघायची होती. फेरीचे अध्यक्ष आप्पासाहेब शिरोळकर सकाळपासून आपल्या गाडीच्या क्रोमच्या बंपरसमोर वाकून फेटा सारखा करत होते. तो मनासारखा बसल्यावर ते पाहणीला निघाले आणि हेमलता चौगुलेंच्या फियाटपाशी अडले.

क्रोमचा मुलामा देणाऱ्या कारखान्याचं विषारी पाणी ओढ्यात जातं म्हणून हेमाताईंनी वडिलांच्या गाडीचा गंजलेला बंपर घासून त्यावर राखाडी पावडर कोटिंग करून घेतलं होतं.

"बाई, हा बंपर आहे की तवा? यात माणसाला स्वतःचं तोंड दिसत नाही. असली गाडी मी फेरीत घेत नसतो."

"तोंड दिसायलाच हवं?"

"बंपरची पारखच ती. माझ्या बंपरात फेट्याचा पीळ न् पीळ दिसतो."

हेमाताईंनी त्यांच्या गाडीकडे नीट पाहिलं.

"फेटा झकास दिसत असणार, आप्पासाहेब. माझ्या बंपरात मी दिसत नाही, म्हणून मला गाडी तरी दिसते. तुमचं पुढचं चाक पंक्चर होऊन पार रिमवर बसलंय."

फेरी वेळेवर निघाली. सगळ्यांत पुढे फियाट होती आणि तिच्या मागच्या सीटवर अध्यक्ष, फेटा टपाला लागू नये म्हणून मान वाकवून बसले होते.