वी म्हणजे आपण ना?

एकदा एका बाजारगावात एक वृद्ध गुरुजी लहान मुलांना इंग्रजी शिकवीत. नाम कशाला म्हणावे, सर्वनाम कशाला आणि वाक्य कुठे थांबवावे, एवढेच. पण ते असे शिकवीत की वीटभट्टीवरची पोरेसुद्धा खेळ टाकून येत. पुढे त्यांची दृष्टी मंदावली, तेव्हा वर्ग त्यांनी आपल्या हुशार शिष्याच्या स्वाधीन केला.

गावातल्या एका व्यापाऱ्याने शाळेला पक्की इमारत बांधून दिली. अट एकच, भट्टीवरची पोरे तिथे नकोत. शिष्याला मुख्याध्यापकाची खुर्ची दिसत होती. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, या न्यायाने त्याने मान डोलावली. व्यापाऱ्याच्याच इच्छेने दाराशेजारच्या फळ्यावर त्याने खडूने इंग्रजीत लिहिले, ‘वी आर वन फॅमिली.’ पहिले अक्षर मोठे, शेवटी ठसठशीत पूर्णविराम. स्वतःच्या अक्षराकडे तो कौतुकाने पाहत राहिला.

तेवढ्यात भट्टीवरची हौसा आली. मातीने माखलेले बोट एकेका अक्षराखाली फिरवत तिने वाक्य वाचले आणि हरखून विचारले, “सर, वी म्हंजी आपण ना?”

“आपण नाही. आम्ही,” शिष्य म्हणाला आणि त्याने दार लोटून घेतले. हौसा आली तशी परत गेली आणि आईबरोबर विटा वाहू लागली.

ही गोष्ट गुरुजींच्या कानी गेली. दुसऱ्या दिवशी ते काठी टेकत आले. त्यांनी तो पूर्णविराम अंगठ्याने पुसला आणि तिथे प्रश्नचिन्ह काढले.

शिष्य संतापला. “गुरुजी, हे काय करता आपण? हे विधानार्थी वाक्य आहे. प्रश्नात क्रियापद आधी येतं, हे आपणच शिकवलंत ना?”

“शिकवलं,” गुरुजी म्हणाले. “मराठीत ‘आम्ही’ म्हटलं की ऐकणारा बाहेर राहतो, ‘आपण’ म्हटलं की आत येतो. इंग्रजीत दोन्हींना एकच सर्वनाम. तेव्हा अर्थ कोणता घ्यायचा, ते सांगणाऱ्याच्या मनावर. त्या पोरीनं ‘आपण’ वाचलं, ते चूक नव्हतं. तू ‘आम्ही’ सांगितलंस, तेही चूक नाही. व्याकरणात तू कुठेच चुकला नाहीस, बाळा, याचंच मला वाईट वाटतं. मला मात्र आदरानं ‘आपण’ म्हणतोस. आता ते नको.”

खडू शिष्याच्या हातात ठेवून गुरुजी निघून गेले, ते पुन्हा त्या दारी आले नाहीत.

शिष्याने प्रश्नचिन्ह पुसले, पूर्णविराम दिला आणि वर्गात शिरला. धडा सर्वनामांचाच होता. “सांगा, वी म्हणजे काय?”

“आम्ही!” सारा वर्ग एका सुरात ओरडला.

तो थांबला. आणखी कुणी काही म्हणेल म्हणून वाट पाहत राहिला. पण दुसरा शब्द सांगणारी त्या वर्गात कुणी उरलीच नव्हती. उत्तर बरोबर होते, तरी शाबासकी द्यायला त्याची जीभ उचलेना.